ठीक हाय म्हणणाऱ्या बाया

फौजेतून रिटायर झालो आणि मला पुन्हा ड्यूटी लागली, मिलिटरी हॉस्पिटलात. पेशंट माझी बायको मंगल. स्तनाचा कॅन्सर. पुण्यात ऑपरेशन झालं, मग केमो. आमचं पेडगाव, परभणी, रात्रीची गाडी, पुण्याचा वॉर्ड, की परत गाव. बॉर्डरवर कधी एवढा थकलो नव्हतो.

शेजारच्या बेडवर ताडकळसच्या कमलबाई होत्या. नवरा रिटायर्ड सुभेदार, म्हणून वॉर्डात सगळे त्यांना सुभेदारीण म्हणत. आजार तोच, पण पसरलेला. डॉक्टर मेजर मॅडम राऊंडला आल्या की विचारत, "कैसी हो?" मंगलचं उत्तर ठरलेलं, "ठीक हूँ."

कमलबाई हसायच्या. "नवरा बॉर्डरवर असला की फोनवर हेच म्हनायची सवय लागती. माझी सासू वारली, तवाबी मी यांना ठीक हाय म्हनले."

मेजर मॅडमची ऑर्डर साफ होती. केमोनंतर ताप आला तर घरी थांबायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं.

चौथ्या केमोनंतर गावी आलो. भर दुपारी मंगल गोधडी पांघरून पडलेली. विचारलं तर म्हणाली, "थकवा हाय. बाकी ठीक हाय." मलाही पाठ टेकायची होती. तेवढ्यात ताडकळसहून कमलबाईंचा फोन आला.

"हवालदारभाऊ, मंगल कशी हाय?"

"ठीक हाय म्हनायलीय."

"मग थर्मामीटर लावा. आत्ता. मी फोन धरून हाय."

ताप एकशे तीन निघाला.

"जीप बघा," त्या म्हणाल्या.

"तुमचं कसं हाय, ताई?"

"मी ठीक हाय. निघा तुमी."

परभणीत ॲडमिट केलं. डॉक्टर म्हणाले, पांढऱ्या पेशी पार खाली गेल्यात, उद्यावर टाकलं असतं तर हाती काही लागलं नसतं. बाहेर बाकड्यावर येऊन बसलो. लय भ्यालो होतो. मंगल वाचली.

पुढच्या केमोला गेलो, तर कमलबाईंच्या बेडवर दुसरीच बाई. मी मंगलजवळ बसूनच सुभेदारसाहेबांना फोन लावला, स्पीकरवर.

"गेली," ते म्हणाले. "तुमाला फोन केला त्या दिवशी सकाळपासून तिला दम लागायलता. मला बी ठीक हाय म्हनली."

तेवढ्यात राऊंड आला. मेजर मॅडमनी विचारलं, "कैसी हो?"

मंगल शेजारच्या बेडकडं बघत राहिली. मग म्हणाली, "दुखायलंय, मॅडम. लय दुखायलंय."