आमच्या गॅलरीतली मधुमालती

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. तशी या मधुमालतीपायी माझी जी शोभा झाली, ती अख्ख्या सोसायटीने बघितली आहे. आता तुमच्यापासून काय लपवायचं?

आम्ही कोथरूडला, दुसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीत एखादी फुलांची वेल हवी म्हणून मी मधुमालतीचं रोप आणलं, कुंडीत लावलं, ग्रिलला टेकवलं. रोप कसलं, काडीच! चार पानं, तीही रुसलेली. मग मी लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेले. निघताना कुंडीत भरपूर शेणखत घातलं आणि ह्यांना बजावलं, "पाणी विसरू नका."

परत येऊन बघते तर काय! ग्रिल दिसेना, कुंडी दिसेना. जिकडेतिकडे पानं आणि फुलांचे घोस! संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल! खाली वाकून पाहिलं, तर पहिल्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटच्या गॅलरीतही तीच. म्हटलं, याला म्हणतात शेणखत! वर जागा पुरेना म्हणून बाई खाली उतरली!

झालं, मी सोसायटीची वेलतज्ज्ञ. बायका विचारायच्या, मी सांगायचे, "आंबट ताक घाला. आणि वेलींशी बोलत जा हो, त्यांना कळतं!" मी स्वतः रोज पानांच्या गर्दीत अंदाजाने ताक ओतायचे आणि बोलायचेसुद्धा.

एकदा तळमजल्यावरचे लिमयेकाका वर आले.

"वहिनी, वेल जरा छाटावी म्हणतोय. फार माजलीय."

माझं डोकंच फिरलं. "माझी वेल तुम्ही का छाटणार?"

"तुमची?"

"मग कोणाची? पोटच्या पोरीसारखी वाढवलीय मी. एका पानाला हात लावायचा नाही!"

काका "असं होय," म्हणाले आणि जिना उतरले.

"आहे की नाही आगाऊपणा?" मी ह्यांना विचारलं. पेपरमागून "हं" एवढंच आलं.

पुढे बिल्डिंगला रंग द्यायचं ठरलं. गॅलऱ्या रिकाम्या करा म्हणाले. मी ठरवलं, वेल कुंडीसकट आत घ्यायची, फांदी तुटता कामा नये. मी फांद्या सावरून धरल्या आणि हे पानांत शिरून कुंडी उचलायला वाकले.

"अगं, कुंडी आली."

"आणि वेल?"

"वेल नाही आली."

म्हणजे काय? बघते तर ह्यांच्या हातात कुंडी, कुंडीत एक वाळकी काडी. आणि माझ्या हातात ही हिरवीगार वेल, जागची हललेलीसुद्धा नाही! मला काही कळेचना. ही जगते कशावर, हवेवर? आणि इतके महिने मी ताक पाजत होते ते कोणाला?

"मुळाशी तुटली असेल आत्ता," मी म्हटलं.

"आत्ता तुटली तर ही काडी वाळून कोळ कधी झाली?"

काही सुचेना, म्हणून मी एक जाड फांदी धरून जोरात ओढली. खालून ओरडा आला, "अहो वहिनी, ओढू नका! मुळासकट येईल!"

वाकून पाहिलं. तळमजल्याच्या अंगणात लिमयेकाका उभे, हातात पाण्याचा पाइप, आणि शेजारी मातीतून वर आलेलं मनगटाएवढं खोड. तिथून निघून, पहिला मजला ओलांडून, बाईसाहेब माझ्याकडे आल्या होत्या!

माझी कानशिलं तापली. "काका, त्या दिवशीच बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. पण तुम्ही इतक्या ठामपणे सांगितलंत, की मलाच शंका आली. खाली येऊन आधी मूळ बघितलं."

तेवढ्यात परांचीवरून रंगारी ओरडला, "काका, वेल सोडवून बाजूला बांधू का?"

लिमयेकाकांनी शांतपणे पाइप खाली ठेवला आणि मान वर केली.

"मला नका विचारू. मूळ माझ्याकडे आहे. परवानगी दुसऱ्या मजल्यावर मिळते."