उजव्या हातातली बाई

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी आमची ही गेली. दुपारी शेजाऱ्यांनी दार वाजवून विचारलं, आज आवाज कसा नाही?

एकसष्टाव्या वर्षी हिने इथे इंग्लंडमधल्या रीडिंग गावात स्पॅनिश नाचाचा क्लास लावला आणि कॅस्टानेट्स घरी आणल्या. शिंपल्यांसारख्या लाकडी वाट्यांचे दोन जोड, अंगठ्याला दोरीने अडकवून बोटांनी वाजवायचे. उजव्याचा आवाज बारीक, तो सारखा बोलणार. डाव्याचा जाड, तो मधूनच एक ठोका देणार. हिने लगेच त्यांची नावं ठेवली, बाई आणि बुवा.

“बाई बोलते, बुवा हो म्हणतात. अहो, चाळीस वर्षं आपण हेच वाजवतोय.”

मी पुस्तकातून मान वर न करता हो म्हटलं.

बसस्टॉपवर कोटाच्या खिशात सराव चाले. शेजारची माणसं आपापले फोन तपासत.

तीन वर्षं मागच्या रांगेत काढल्यावर क्लासच्या कार्यक्रमात हिला एकटीला दोन मिनिटं मिळाली. आदल्या दिवशी दसरा होता. माझी पुस्तकं आणि हिच्या कॅस्टानेट्स पाटावर मांडल्या गेल्या. हिने गंध लावलं, धुतलेली शेवंती निथळू न देता वाहिली. सकाळी उजवं लाकूड फुगलेलं. बाई बोलेना. टीचर आपला जोड द्यायला तयार होत्या, पण पूजा केलेला सोडून दुसऱ्याचा घेणं हिला पटेना. हिला त्या दोन मिनिटांवरही पाणी सोडायचं नव्हतं.

“तुम्ही पहिल्या रांगेत बसा. मी बोटं हलवते, तुम्ही जिभेने टकटक करा. आज बाई तुम्ही.”

मी सवयीने हो म्हटलं.

लायब्ररीत खोकलासुद्धा गिळणारा मी दोन मिनिटं भर हॉलमध्ये जीभ वाजवत होतो. डाव्या हाताने ही मला हो म्हणत होती. टाळ्या हिला मिळाल्या. मला शेजारच्या आजोबांनी घशाची गोळी दिली.

बसमध्ये हिने दोन्ही जोड रुमालात गुंडाळले. मग म्हणाली, “बरं बोलता की. इतकी वर्षं का नाही बोललात?”

लाकूड पुढे वाळलं आणि बाईचा आवाज परत आला. दोन्ही जोड माझ्या टेबलावर आहेत. दसऱ्याला मी त्यांची पूजा करतो. फूल पुसून वाहतो.