चवड्यांवरचा मूकपट

आमच्या संपादकांच्या बहिणीच्या मते मंडणगडापासून राजापूरपर्यंत एकाही माणसाला चालता येत नव्हते. लोक निघतात आणि पोहोचतात, एवढेच त्या मान्य करीत. बोटीवर डॉक्टर असलेल्या नवऱ्याबरोबर त्या एकदाच विलायतेला गेल्या होत्या आणि तिथे त्यांनी चवड्यांवर नाचायचा बॅले पाहिला. परतताना त्यांच्या सामानात एक कॅमेरा होता. नवऱ्याची बदली एडनला झाली, तो पत्रावर पत्र पाठवून बोलावू लागला, आणि ताई रत्नागिरीत मूकपट काढीत राहिल्या. मी तेव्हा त्यांच्या भावाच्या साप्ताहिकात बातमीदार होतो.

त्यांच्या चित्रपटात प्रत्येकाने आठ मात्रांत वावरायचे असा दंडक होता. पाणी पिणे आठ मात्रा, रागावणे आठ मात्रा. फणस फोडायला सोळा मिळत. नायक म्हणून त्यांनी कोर्टातला बेलीफ निवडला आणि आठवडाभर त्याला चवड्यांवर चालवले. त्यानंतर तो समन्स बजावायला गेला, तेव्हा पाऊल न वाजल्यामुळे पक्षकार प्रथमच घरात सापडला. बेलीफ म्हणाला, “ताई, नाचाचं मला ठाऊक नाही, पण बढती नक्की.” स्त्रिया काम करायला तयार नसल्याने नायकाच्या आईचे काम निवृत्त हेडमास्तरांकडे आले. त्यांनी मिशी काढली; टाचा उचलायला मात्र ते शेवटपर्यंत राजी नव्हते.

कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालायचा. दांडा सावकाश फिरवला तर पडद्यावर माणसे धावतात, भरभर फिरवला तर ती तरंगतात. म्हणून तो एकाच गतीने फिरवावा, असे सोबतच्या पुस्तकात लिहिले होते. ताई मनातल्या संगीताप्रमाणे फिरवीत. मी पुस्तक दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “लिहिणाऱ्यानं बॅले पाहिलेला दिसत नाही.”

पहिल्या चित्रपटाला लोक पोट धरून हसले. तो शोकान्त होता. भावाने मग अट घातली: दुसऱ्यालाही लोक हसले तर कॅमेरा विकायचा आणि पहिल्या बोटीने एडनला जायचे. ताईंनी ती मान्य केली.

दुसऱ्या चित्रपटाचा खेळ एका वखारीत झाला. संपादक घरीच थांबले. नायकाच्या आईचा मृत्यू हा ताईंच्या मते सर्वांत हळुवार प्रसंग, त्यामुळे दांडाही हळुवार फिरला होता. पडद्यावर हेडमास्तर तीनदा उसळले, मुलाला घाईघाईने क्षमा करून आडवे झाले आणि बेलीफ त्यांच्याभोवती माशीसारखा फिरला. वखार हसली. खुद्द हेडमास्तरही हसले.

त्यानंतर पूर्णगडचा किनारा आला. तिथे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे, ओढणारी माणसे पाहून ताईंचे भान हरपले होते आणि त्यांनी दांडा वेड्यासारखा फिरवला होता. पडद्यावर दोन रांगा दोर धरून मागे रेलल्या. पाय वाळूतून सुटले आणि कितीतरी वेळाने पुन्हा टेकले. वीस माणसे एकाच श्वासात मागे सरकत होती. जाळ्याला वजनच नव्हते. वखारीत कोणी खोकले नाही. पूर्णगडहून मुद्दाम आलेली एक म्हातारी शेजारणीला हळूच म्हणाली, “आमची मान्सा अशी रापण खेचतात? मी कधी बगलीच नाय गो.”

दुसऱ्या दिवशी संपादकांनी कचेरीत मला विचारले. ताई दाराशी उभ्या होत्या.

“लोक हसले की नाही? एका शब्दात सांगा.”

“हसले,” मी म्हणालो.

ताईंनी मान हलवली. “खरंच आहे ते, दादा,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. पंधरवड्याच्या आत त्या एडनला गेल्या. साप्ताहिकात खेळाची बातमी मीच लिहिली. ती चार ओळींची होती आणि तिच्यात एकही चूक नव्हती.

नंतर एकदा कामासाठी पूर्णगडला गेलो असता रापण ओढली जात होती. माणसे घामाघूम होऊन, शिव्या देत, पाय रोवून ओढत होती. मी बराच वेळ उभा राहिलो. शेवटी त्यांच्यातल्या एकाने विचारले, “भाऊ, काय हरवलाय काय?” काही नाही, असे मी सांगितले.