वाकडा माड आणि सूर्यमालेबाहेरचा पाहुणा

आमच्या घराण्यात आजवर चार मोठी भांडणं झाली. त्यांतली तीन नारळावरून आणि चौथं परग्रहावरच्या यानावरून. (चौथंही शेवटी नारळावरच आलं, पण ते मला फार उशिरा कळलं.)

हरिहरेश्वरच्या अलीकडे आमची वाडी आहे. आमची म्हणजे निम्मी माझी, निम्मी माझ्या थोरल्या भावाची, दादाची. मधे कमरेएवढा दगडी गडगा. मी हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि दादाने तेवढीच वर्षं अलिबागच्या कोर्टात कारकुनी केली. वकिलांची भाषणं ऐकून ऐकून त्याला अशी काही सवय लागली आहे, की जेवताना मीठ हवं असलं तरी तो आधी मुद्दे मांडतो! आणि समोरच्याचं चुकलेलं मला सहन होत नाही. त्यामुळे आज उकडतंय की नाही, यावरही आमचं एकमत होत नाही.

तर या गडग्याला लागून एक वाकडा माड आहे. बुंधा दादाच्या हद्दीत, शेंडा थेट माझ्या अंगणावर. वडिलांनी वाटणी करताना नियमच घालून दिला होता. उतरवलेला नारळ झाडाच्या मालकाचा. आपणहून पडलेला नारळ, तो ज्याच्या अंगणात पडेल त्याचा. नियम साधा होता, चोख होता. पण तो हलकट माड आपणहून काही टाकेल तर शप्पथ! वर घडच्या घड लोंबताहेत, खाली मी मान वर करून उभा! त्या नारळाचं दाट दूध, माझ्या बायकोच्या, सुलूच्या हातची सोलकढी... जाऊ दे, आत्तासुद्धा जीव कासावीस होतो.

आता कबुलीच देतो. तीन वर्षांपूर्वी आमचा नारळ उतरवणारा गणूभाऊ दादाच्या माडांवर चढला होता, तेव्हा त्याला मी चहा पाजून, फणसाचे तळलेले गरे खाऊ घालून एक छोटंसं काम सांगितलं. वाकड्या माडाच्या घडांमधून जाळ्याची हिरवी नायलॉनची दोरी ओवायची आणि दुसरं टोक गुपचूप माझ्या न्हाणीघराच्या खिडकीत सोडायचं. झावळ्यांत हिरवी दोरी कुणाला दिसते?

"मास्तर, ह्ये काय बरोबर न्हाय हां," गणूभाऊ गरे चावत म्हणाला.

"अरे, आपण फक्त निसर्गाला थोडी आठवण करून देतोय!" मी म्हणालो.

तेव्हापासून एक झटका दिला की तयार नारळ 'आपणहून' पडू लागले. मी पुढच्या दाराने जाऊन, आश्चर्यचकित चेहरा करून ते उचलत असे. अभिनयाचं हे अंग माझ्यात आहे, हे मला साठीला टेकल्यावर कळलं.

अशात तो धूमकेतू आला. सूर्यमालेच्या बाहेरून, दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याकडून आलेला. झालं! दादाच्या मोबाइलवर व्हिडिओंचा पूर लोटला आणि एका सकाळी तो गडग्यावरून ओरडला, "बाळू, आलं रे आलं! यान आलं!"

"धूमकेतू आहे तो, दादा. बर्फ आणि धूळ."

"तू बघून आलास?"

"तू बघून आलास?"

(मी बासष्ट, तो अडुसष्ट. वय सांगितलेलं बरं.)

चार दिवस हेच चाललं. शेवटी वहिनीच कंटाळून म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही दोघं एकदा काय तो निकाल लावा बघू. सगळी पाखाडी बोलवा, हात वर करू देत लोकांना." आमची पाखाडी म्हणजे दहा-बारा घरांची आळी, आणि अशा कामाला सगळे रिकामेच असतात. रविवारी सकाळी दहाची वेळ ठरली, जागा दादाची ओटी. आणि दादाने पैज लावली. "यान ठरलं, तर वाकडा माड शेंड्यासकट माझा, पडलेला नारळसुद्धा माझा. धूमकेतू ठरला, तर वडिलांचा नियम कायम, मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

माड गेला, तर सोलकढी गेली!

रविवारी ओटी खच्चून भरली. दादा कोट घालून उभा राहिला. (त्या उकाड्यात कोट!) "पंचहो! हा म्हणे बर्फाचा गोळा. मग ग्रह फिरतात त्याच पातळीतून कसा आला? मंगळाला जवळून बघून कसा गेला? आणि आपण नीट निरखणार, तर नेमका सूर्याच्या मागे कसा दडला? वाटेत वेग कसा बदलला? योगायोग मानायचे तरी किती? एक घरातलंच उदाहरण देतो. माझ्या वाकड्या माडाचे नारळ नेमके मी पूजेला बसलो की पडतात. वारा नसताना पडतात. धाकट्याकडे पाहुणे आले की जास्तच पडतात! याच्यामागे बुद्धी नाही म्हणता?"

गणूभाऊला जोराचा ठसका लागला.

पण मीही मास्तर आहे! उभा राहिलो आणि असा काही बोललो म्हणता! "मोदकपात्राचं झाकण चुलीवर थडथडतं, त्याला कुणी हात लावतो का? नाही. वाफ! बर्फ उन्हाने तापला, वाफ सुटली, तिने धक्का दिला, वेग बदलला. संपलं! तो आपल्यापासून दडला नाही, आपणच तेव्हा सूर्याच्या दुसऱ्या बाजूला होतो. बंधुभगिनींनो, न समजलेल्या प्रत्येक गोष्टीमागे कुणाचा तरी हात शोधायचा, हा माणसाचा जुना रोग आहे. ती वस्तू आली ती आपणहून! कुणीही पाठवलेली नाही!"

टाळ्या! काय टाळ्या! हात मोजायची गरजच पडली नाही, ओटीभर नुसते हातच दिसत होते. वहिनींनीसुद्धा वर केला. दादाने मान खाली घातली आणि माझी छाती सदऱ्यात मावेना. हायस्कुलात तीस वर्षांत माझं एवढं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं. मी हात उंचावून म्हणालो, "विश्वात सगळं आपणहून घडतं! त्यामागे कुणाचाही हात नसतो!"

आणि गडग्यापलीकडून 'धडाम्' असा आवाज झाला.

झालं होतं असं. टाळ्या ऐकून सुलूने ओळखलं, की आपले अहो जिंकले. आता सगळ्या पाखाडीला सोलकढी पाजायची, म्हणजे नारळ हवेत. तिने आनंदाच्या भरात दोरीला असा हिसडा दिला, की अख्खा घड झावळीसकट माझ्या न्हाणीघराच्या पत्र्यावर कोसळला. ओटीवरचे सगळे गडग्याकडे धावले. माडाच्या शेंड्यापासून माझ्या खिडकीपर्यंत हिरवी दोरी भर उन्हात ताणलेली, आणि खिडकीतून बाहेर आलेला, बांगड्या घातलेला एक हात!

दादाने आधी घड पाहिला, मग दोरी पाहिली, मग हात पाहिला.

"बाळू," तो अगदी हळू म्हणाला, "हे नारळ आपणहून पडले?"

"दादा... वाफ असेल..." माझ्या तोंडून निघून गेलं.

एवढ्यात आतून सुलूचा खणखणीत आवाज आला, "अहो, जिंकलात ना? मग आणखी ओढू का?"

वहिनी तर हसून हसून गडग्यावरच बसल्या. दादा मात्र हसला नाही. त्याने कोटाचं बटण लावलं. "बाळू, पैज तू जिंकलास. मी शब्दाचा पक्का आहे. वडिलांचा नियम कायम! आणि नियम काय सांगतो? उतरवलेला नारळ..."

"झाडाच्या मालकाचा!" सगळी पाखाडी एका सुरात ओरडली. त्यांतले निम्मे माझे विद्यार्थी. एका सुरात उत्तर द्यायला त्यांना मीच शिकवलं होतं.

दोरी अजून आहे. दादाने काढू दिली नाही, फक्त टोक स्वतःच्या ओटीवर वळवून घेतलं. रोज सकाळी तो झोपाळ्यावर बसून एक झटका देतो, नारळ माझ्या अंगणात पडतो आणि मी तो उचलून, सोलून, गडग्यापलीकडे नेऊन देतो. येणारे-जाणारे थांबून बघतात. मग मी त्यांना आवर्जून सांगतो, की पैज मीच जिंकलो होतो!