नऊ नंबरचे सहा पॉइंट

सुजाता गेली. आणि मी चोर आहे.

दुसरी गोष्ट चाळीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. आज सांगते. लाइक-बिइक करू नका, नुसतं वाचा.

माझ्या ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत आहे, मला नोकरी खेळाच्या कोट्यातून लागली. परदेशी टीमविरुद्ध आपल्या बाजूनं सगळ्यात जास्त पॉइंट केलेली मुलगी. सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. पाहुण्यांना चहाआधी ते दाखवायची मला खोड.

लातूर तेव्हा उस्मानाबादेतून फुटून नवंनवं जिल्हा झालं होतं. जिल्ह्याची मुलींची बास्केटबॉल टीम म्हणजे आम्हीच, एका कॉलेजच्या आठ जणी.

दौऱ्यावर आलेली एक परदेशी मुलींची टीम नांदेडहून सोलापूरला जाताना एक दिवस आमच्याकडं खेळणार, असं ठरलं. नव्या जिल्ह्याची पहिली इंटरनॅशनल मॅच. आमच्या सरांना आठ दिवस अन्न गोड लागलं नाही.

त्या वर्षी पावसानं पार दडी मारली होती. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही. कोर्ट मातीचं, म्हणून मॅचच्या सकाळी धूळ बसवायला टँकर मागवला.

पाण्याचा टँकर. मातीवर मारायला. गल्लीतल्या बायका काय येड्या होत्या का? पाच मिनिटांत घागरींची लाइन लागली.

त्या लाइनीत आमची सुजाता. युनिफॉर्म घालून, वेणी घट्ट बांधून, दोन घागरी घेऊन. वडील रोजगार हमीवर खडी फोडायला गेलेले, आई तापानं पडलेली, घरात प्यायला थेंब नाही. मला म्हणाली, दोन खेपा टाकते न् आलेच.

दोनाच्या चार झाल्या. शेजारच्या म्हातारीचीही घागर भरून दिली बाईनं.

ती येईपर्यंत सरांनी स्कोअरशीटवर नावं लिहून दिली होती. तिचं नाव नव्हतं. टेबलावर बाहेरगावचे साहेब बसले होते, ते म्हणाले, आता बदल होणार नाही.

सुजाता बेंचमागं जाऊन बसली. आमच्या टीममधली सगळ्यात चांगली शूटर, आणि ती आमच्या चपला सांभाळत होती.

समोरच्या पोरी एकेक सहा फुटी. हाफटाइमपर्यंत आमची धुलाई झाली होती. मी एक बास्केट केली, कशी ते देवालाच ठाऊक. वर पोटरीत गोळा आला.

कपडे बदलायच्या खोलीत मी जर्सी काढली आणि सुजाताच्या हातात दिली. नऊ नंबर. घामानं चिंब. दोघी सारख्याच बारक्या, सारख्याच सावळ्या. साहेब नंबर बघणार, तोंड कोण बघतंय?

"पुष्पे, पकडलं तर?"

"फाशी देतेत का? जा गप."

तिनं दोन बास्केट केल्या. चार पॉइंट. दुसरी तर पार कोपऱ्यातून, रिंगला न शिवता आत. त्यांची एक उंच पोरगी पळता पळता थांबली न् हिच्याकडं बघून टाळ्या वाजवल्या. मी खोलीच्या खिडकीत एका पायावर नाचत होते.

शीटवर काय उतरलं? नऊ नंबर, सहा पॉइंट. पुढं माझं नाव. सर्टिफिकेटही त्यावरूनच निघालं.

आम्ही हरलो, लई हरलो. पण त्या दिवशी आम्हा दोघींना या भानगडीची गंमतच वाटली. गल्लीत शिरेपर्यंत पोट धरून हसत होतो.

दोन वर्षांनी नोकरीच्या अर्जाला मी ते सर्टिफिकेट जोडलं. तेव्हा मात्र तिला विचारलं नाही.

सुजाता पुढं अंगणवाडीवर लागली. मला कधी एका शब्दानं टोचलं नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत दवाखान्यात माझ्या उशाशी तीच होती.

एकदाच तिनं काहीतरी मागितलं. तिची प्रज्ञा शाळेत बास्केटबॉल खेळायला लागली होती.

"मी त्या मॅचचं सांगायलेय तर पोरीला खोटंच वाटायलंय. हसती मला. तू एकदा घरी ये न् तिला सांग. बाकी कुणाला सांगू नको, तुझी नोकरी हाय. नुसतं तिला सांग."

मी म्हणलं, येते की रविवारी.

गेले नाही.

पोर कुठं बोलली, ऑफिसात चौकशी लागली तर, ही भीती. मग नांदेडला बदली झाली. मग रिटायर झाले, पेन्शन चालू झाली, भीती संपली. तरी गेले नाही, कारण आता लाज वाटत होती. सुजातानं परत विचारलं नाही, आणि तिनं विचारलं नाही याचं मला बरंच वाटायचं. इतकी मी हलकी.

काल सकाळी फोन आला. लोहा, अहमदपूर करत एसटीनं लातूर गाठलं, तोवर तिला न्यायची तयारी झाली होती. अंगणात माणसं वंदना म्हणत होती.

मी प्रज्ञाला आतल्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. टँकर, घागरी, जर्सी, कोपऱ्यातली ती बास्केट. ती आता स्वतः एका शाळेत पीटी शिकवते. सगळं ऐकून घेतलं तिनं. मला वाटलं चिडेल, घराबाहेर काढेल. काढलं असतं तर बरं झालं असतं.

ती एवढंच म्हणाली, "मावशी, मी आईच्या तोंडावर हसले होते हो. तिला शेवटपर्यंत वाटलं असंल, माझा विश्वास न्हाई."

मी तिचा हात धरून बसले.

म्हणून सगळ्यांदेखत लिहिते. लातूर जिल्ह्याच्या पहिल्या इंटरनॅशनल मॅचमध्ये आपल्या बाजूनं सगळ्यात जास्त पॉइंट सुजातानं केले. चार. माझे दोन. बाकी कुणाचे दोनच्या वर नव्हते.

प्रज्ञा, तुझी आई खरं बोलत होती.

सुजाता, तुला अखेरचा जय भीम.