सहा फॉर्मची कादंबरी

माझी कादंबरी सहा फॉर्मची भरली, तेव्हा मालाडच्या प्रकाशकांनी कागद टेबलावर ठेवून चष्मा काढला. सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे शहाण्णव पानं. "बाई, याला कादंबरी कोण म्हणेल? दिवाळी अंकाला द्या, लघुकादंबरी म्हणून छापतील. मला दहा फॉर्म तरी हवेत."

वयाच्या बावन्नाव्या वर्षी पहिलं पुस्तक, आणि तेही हातचं जाणार या भीतीने मी मान डोलावली. गोष्ट माझ्या बाबांची होती, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झालेल्या माणसाची. घरी येऊन मी तिच्यात पाणी घालायला बसले. घराजवळच्या मिठागरांचं वर्णन वाढवलं, गिरणीतल्या एका मित्राला उगाच आजारी पाडलं. सात फॉर्मवर गाडी अडली. वाचून माझीच मला लाज वाटली.

मग मी ते लिहिलं. मी सात वर्षांची असताना आई एका पहाटे पिशवी घेऊन घरातून निघून गेली आणि अकरा दिवसांनी परत आली. शेजाऱ्यांना सांगितलं, माहेरी कणकवलीला गेली होती. घरात त्यावर कधीच कोणी बोललं नाही. बाबा गेल्यानंतरही नाही. नावं बदलून मी ते लिहीत सुटले आणि तीन फॉर्म कधी भरले कळलंही नाही. प्रकाशक खूश. आईला छापून आल्यावर कसंतरी समजावू, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मी तो विचारच टाळत होते.

मूर्खपणा असा की प्रूफांसाठी मी ऑफिसचा पत्ता न देता मुलुंडच्या घरचा दिला, जिथे दिवसभर आई एकटी असते. छापलेला कागद आईच्या हातून सुटत नाही. भेळेचा पुडाही ती आधी वाचते, मग फेकते. दुपारी घाटकोपरच्या ऑफिसात तिचा फोन आला. "तुझं पार्सल आलंय. फोडलंय मी. वाचतेय."

अर्धी सुट्टी टाकून बस पकडली. ही बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बीपीची. तिने पुन्हा पिशवी भरली असेल तर? हसू नका, मला खरंच तेच वाटत होतं. सातव्या वर्षीची भीती जशीच्या तशी परत आली होती.

दार उघडंच होतं. आई खाटेवर बसली होती, मांडीवर प्रूफं. तिने वर पाहिलं नाही.

"त्या पहाटे तू जागी होतीस गो?"

"हो."

"मला वाटायचं, झोपली होतीस." तिने एक पान मागे उलटलं. "मी दारातून परत आले, तुला पांघरूण घातलं. तेव्हाही?"

"तेव्हाही."

ते मी लिहिलं नव्हतं. पानं कमी पडत होती तरी लिहिलं नव्हतं, कारण तिच्यावरचा माझा राग त्याने पातळ झाला असता.

"काढून टाकते मी सगळं," मी म्हणाले.

"काढलंस तर पुस्तक निघेल?"

"नाही."

तिने पानं नीट जुळवली आणि माझ्या हातात दिली. "मग राहू दे. पांघरुणाचं तेवढं घाल."