मामांची तार आणि बिस्मथचा थर

मामांची डॉक्टरेट मामीने घालवली नाही.

काल मामा गेले. नव्वदी पार केली होती. सावली गावातल्या घरी माणसं जमली आणि अंगणातच कोणीतरी म्हणालं, "हिनं धानाच्या रोवण्यासाठी खोटी तार केली, नाईतर भाऊ कुठच्या कुठी गेले असते."

मामी ऐकत होती. जन्मभर ऐकतेच आहे.

म्हणून लिहिते.

पन्नासच्या दशकात मामा दिल्लीच्या एका लॅबमध्ये रिसर्च करत होते. अतिथंड काचेवर बिस्मथ धातूचा अगदी पातळ थर धरायचा. त्या थंडीत अणूंना नीट रांगेत बसताच येत नाही. असा विस्कळीत थर अतिवाहक होतो, म्हणजे वीज त्यातून अडथळ्याशिवाय वाहते.

मग चुंबकीय क्षेत्र वाढवत जायचं आणि बघायचं, तो कुठवर टिकतो.

क्षेत्र थराला काटकोनात लावलं, तेव्हा तो लवकर हरला. समांतर लावलं तर पुष्कळ जास्त सोसेल, असा मामांचा अंदाज होता.

तेवढंच मोजायचं उरलं होतं.

आणि तार आली. "मदर सीरियस."

सरांनी स्वतः टांगा बोलावला. "प्रयोग परत होईल, आई नाही," म्हणाले.

मामा घरी पोचले तर आई शेतात, बांधीत, गुडघाभर चिखलात, धान रोवत होती.

"आला? उतर मंग."

तिकडे लॅबमधला, थर थंड ठेवणारा द्रव हेलियम संपला आणि थर तापला. तापला की अणू शिस्तीत बसतात, अतिवाहकता जाते.

"सुधरला अन् मेला," मामा म्हणायचे.

हेलियमची पाळी त्यांना पुन्हा मिळाली नाही, डॉक्टरेट राहिली. चांद्याला येऊन ते कॉलेजात शिकवू लागले.

मागच्या दिवाळीत मी विचारलं, "मामा, मामीनं असं काऊन केलं?"

ते म्हणाले, "मीच सांगून गेलो होतो, रोवणा लागला का तार कर. सर रोवण्यासाठी सुट्टी देत नव्हते. हेलियम त्याच हप्त्यात येईन, हे कोनाले माहीत?"

"मंग सरायले सांगाचं ना."

"टांगा बोलावला त्यायनं. कोन्या तोंडानं सांगू?"

"अन् घरी?"

"घरी तिनंच सांगू देलं नाई. म्हने, मास्तर खोटा ठरला तर पोरं काय शिकतीन."

हे सांगायचा हक्क मला आहे का, ठरेना. आज सकाळी मामीलाच विचारलं.

तिने डोळे पुसले. म्हणाली, "लिव. आता त्यायले सुट्टी द्याले कोन नाई म्हनते?"

मामा, निघा आता. नमस्कार.